राग वेंडलचा, आवाज मार्लिसचा

मार्लिस ट्वेटला आमच्या गावात पाच-सहा आठवडे जे सोसावं लागलं, ते दुसऱ्याच्या रागापायी. तो राग तिनं इतका पुरेपूर बोलून दाखवला की लोकांना तो तिचाच वाटला.

विस्कॉन्सिनमधलं आमचं एल्डर फोर्क दोन हजार वस्तीचं. मुख्य रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात मी एकतीस वर्षं उभा आहे. त्यामुळे गावातला कोण कुठली गोळी घेतो आणि कोण कुणाला मत देतो, हे दोन्ही मला साधारण माहीत असतं. अलीकडे दुसऱ्या गोष्टीवरून लोक एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि पहिल्या गोष्टीचा माझा धंदा वाढला.

मार्लिसचे आईवडील दोघेही बहिरे. वडील ऑर्व्हल जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात होते. तिथलं छपाईचे खिळे ओतणारं यंत्र असा खडखडाट करायचं की धडधाकट माणसांचे कान दहा वर्षांत कामातून जात. ऑर्व्हलला त्याची पर्वा नव्हती. छापखान्याचे मालकही म्हणून बहिरी माणसं आनंदानं घेत. पुढे सतरा वर्षांचा वेंडल प्रोखास्का तिथं लागला, तोही बहिरा. ऑर्व्हलनं त्याला खिळे जुळवण्यापासून ट्रेडल म्हणजे पायानं चालणारं छपाईयंत्र चालवण्यापर्यंत सगळं शिकवलं. मार्लिसचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, आणि तिला ऐकू येत होतं.

ऐकू येणारी पोर घरात आली की घराचा फोन तिच्याकडे येतो. पाच वर्षांची असल्यापासून मार्लिस बँकेशी, डॉक्टरांशी, कोळसेवाल्याशी बोलायची. एकदा लोखंडी सामानाच्या दुकानात मालक तिला म्हणाला, "त्या मुक्याला सांग, जरा थांब म्हणावं, पळून नाही जात मी." मार्लिसनं हातांनी वडिलांना सांगितलं, ते म्हणतायत एक मिनिट थांबा. पण ऑर्व्हलनं दुकानदाराचा चेहरा पाहिला होता. घरी आल्यावर त्यानं तिला समोर बसवून खरे शब्द काय होते ते विचारलं. तिनं रडत सांगितले. तो दुकानदारावर नाही, तिच्यावर चिडला. शिवी मला दिली होती, ती माझी होती, तू मधेच का ठेवून घेतलीस, असं त्याचं म्हणणं. मार्लिस तेव्हा आठ वर्षांची होती. त्यानंतर तिनं कुणाचाही शब्द मऊ केला नाही.

मोठी होऊन तिनं रीतसर परीक्षा दिल्या आणि खुणांच्या भाषेची दुभाषी झाली. कोर्टात, इस्पितळात, शाळेच्या बैठकांत. घटस्फोट तिनं सांगितले, कर्करोग सांगितले, आणि मुलगी झाली हेही कितीतरी बहिऱ्या आयांना पहिल्यांदा तिनंच सांगितलं. या कामाची एक रीत आहे. बहिरा माणूस बोलतो तेव्हा दुभाषी "हे म्हणतात की" असं म्हणत नाही, सरळ "मी" म्हणते. तो कुजबुजला तर ती कुजबुजते, तो कडाडला तर ती कडाडते. आणि काम संपल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आपलं मत तर मुळीच सांगत नाही.

तिचं मत काय, हे गावाला माहीत होतं म्हणा. सध्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाची पाटी तिच्या अंगणात होती. मत द्यायलाही ती जोलीन हॉवलँडच्या गाडीतून गेली होती. जोलीन म्हणजे आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. या दोघींची तीस वर्षांची मैत्री. एकीच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मीठ कमी पडलं तर दुसरी न विचारता टाकणार.

त्या मार्चमध्ये आमच्या खासदारानं शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये लोकांच्या भेटीची सभा ठेवली. नव्या सरकारनं धडाधड निर्णय घेतले होते. माणसं कमी केली, कार्यालयं बंद केली, सोयाबीनला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. अर्धं गाव जाब विचारायला आलं होतं, आणि उरलेलं अर्धं त्या अर्ध्याला गप्प करायला. वेंडलनं आठवडाभर आधी खासदाराच्या कार्यालयाला पत्र लिहून दुभाषी मागितली होती, आणि मार्लिस ट्वेटच हवी असं नाव घालून लिहिलं होतं.

मी चौथ्या रांगेत होतो. पहिला तासभर नुसता गोंधळ. खासदार एक वाक्य बोलला की डावीकडून हुर्यो आणि उजवीकडून टाळ्या. कुणी सोयाबीनचं विचारलं तर उजवीकडून आवाज, "रडत बसू नकोस, बस खाली." कुणी राष्ट्राध्यक्षांची बाजू घेतली तर, "मेंढरं, मेंढरं." मार्लिस मंचाच्या बाजूला उभी राहून पुढच्या रांगेतल्या वेंडलला हे सगळं हातांनी देत होती. शिव्या शिव्यांसारख्या, टाळ्या टाळ्यांसारख्या. एकदा इतके लोक एकदम ओरडले की तिनं डाव्या हाताला डावी बाजू दिली आणि उजव्या हाताला उजवी, आणि दोन्ही हात एकमेकांवर तुटून पडले. वेंडल पोट धरून हसत होता. सबंध हॉलमध्ये मजा येत असलेला तो एकटाच.

मग त्याची पाळी आली. एकोणऐंशी वर्षांचा उंच, वाकलेला माणूस माइकपाशी गेला आणि माइककडे पाठ करून मार्लिसकडे तोंड केलं. माइक तिनं घेतला. तो हात हलवायला लागला आणि हॉल हळूहळू गप्प झाला. त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून गप्प व्हायची गरज नव्हती, पण झाला खरा.

"माझं पेन्शन दोन महिने आलेलं नाही," मार्लिसच्या तोंडून तो म्हणाला. "नवा नियम निघालाय, स्वतःची ओळख पटवून द्यायची. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय बंद केलं, म्हणून मी पत्र टाकलं. उत्तर आलं, या नंबरवर फोन करा. मी सत्तर मैल गाडी हाकत मोठ्या कार्यालयात गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, आधी फोन करून वेळ घ्या. मी दोन वर्षांचा असल्यापासून बहिरा आहे. मी त्याला लिहून दाखवलं. त्यानं त्याच कागदावर फोन नंबर लिहून दिला."

दोन्ही बाजू हसल्या. त्या संध्याकाळी एकत्र हसल्या त्या तेवढ्याच.

बहिऱ्यांसाठी पडद्याचा फोन असतो, मधला माणूस खुणा बघून बोलतो, तोही त्यानं करून पाहिला होता. दोन तास थांबल्यावर पलीकडची बाई म्हणाली की ज्याचं खातं आहे त्यानं स्वतःच्या आवाजात बोलायला हवं, आणि तिनं फोन ठेवला. हे सांगता सांगता वेंडलचे हात मोठे व्हायला लागले. मार्लिसचा आवाजही चढला. "पन्नास वर्षं मी या देशाचा कर भरला. ज्या राष्ट्राध्यक्षाला म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढताना काही वाटत नाही, त्याची मला लाज वाटते. आणि त्याच्यासाठी टाळ्या पिटणाऱ्या तुम्हा लोकांची त्याहून जास्त. लाज वाटते मला तुमची." तो बोट रोखून होता. तिचंही बोट रोखलेलं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, आणि ज्या उजव्या बाजूवर ते बोट रोखलं होतं तिथं तिसऱ्या रांगेत जोलीन बसली होती.

वेंडल एवढ्यावर थांबला नव्हता. त्यानं श्वास घेतला आणि म्हणाला, की मी तासभर तुमचे चेहरे बघतोय, या बाईनं सांगितलं नसतं तर कोण कुठल्या बाजूचा हे मला ओळखता आलं नसतं. पण ते कुणाच्या फोनमध्ये आलं नाही. दुसऱ्या दिवशी जो व्हिडिओ फिरला तो चाळीस सेकंदांचा. त्यात वेंडल नव्हताच. हातात माइक धरून राष्ट्राध्यक्षांच्या आणि अर्ध्या गावाच्या नावानं ओरडणारी मार्लिस तेवढी होती.

सभेला न आलेल्यांनी तो पाहिला आणि विश्वास ठेवला. सभेला आलेल्यांनीही ठेवला, ही त्यातली नवलाची गोष्ट. तिच्या गाडीच्या काचेवर कुणी "गद्दार" लिहिलेली चिठ्ठी अडकवली. चर्चच्या स्वयंपाकाच्या यादीतून तिचं नाव गेलं. कुणी काढलं ते कुणी सांगेना. दुसऱ्या बाजूला फिलिस नावाच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांनी तिला पूर्वी कधी नमस्कारही केला नव्हता, त्या घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन तिच्या दारात हजर झाल्या, सोबत मोर्चाचा बिल्ला. मार्लिसनं बिल्ला परत केला. ॲपल पाय ठेवून घेतला. तो चांगला होता, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

जोलीन तिला किराणा दुकानात भेटली. मी पलीकडच्या रांगेत होतो, न ऐकायचा प्रयत्न करत.

"माझ्याच गाडीतून मत द्यायला आलीस ना गं?" जोलीन म्हणाली. "तेव्हाच सांगायचंस. पेट्रोल तरी वाचलं असतं."

"ते माझं काम होतं, जोलीन."

"काम होतं तर एवढं किंचाळायची काय गरज होती? सावकाश नसतं सांगता आलं? माझ्याकडे बोट केलंस तू."

टोपलीतली अंडी मार्लिसनं पुन्हा एकदा तपासली आणि निघून गेली.

तिचा नवरा डेनी दुधाचा टँकर चालवतो. मोजकं बोलणारा माणूस. तोसुद्धा कंटाळला आणि म्हणाला की सांगून टाक ना लोकांना, तूही त्याच माणसाला मत दिलंयस, मिटेल सगळं. ती म्हणाली, "आणि उद्या वेंडलला परत काही बोलायचं असलं तर? मला त्याचं म्हणणं पटलं नव्हतं हे मी गावभर सांगितल्यावर तो माझ्यापुढे मोकळं बोलेल?" डेनीनं खांदे उडवले. हे त्यानं माझ्या दुकानात पाठदुखीचं मलम घेताना सांगितलं, आणि मी नको ते केलं.

वेंडल दर महिन्याला गोळ्या न्यायला येतो. आमचं बोलणं माझ्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चालतं. त्या गुरुवारी मी त्याला सगळं लिहून दिलं: व्हिडिओ, चिठ्ठी, यादी, जोलीन. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं; तो फोन फक्त पुतणीचे फोटो बघायला वापरतो. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेऊन लिहिलं, "बोललो मी. तिला का?" गोळ्या काउंटरवरच ठेवून तो निघून गेला. मागून पळत जाऊन मी त्या दिल्या.

ईस्टरच्या आधीचा उपासाचा महिना चालू होता. त्या महिन्यातल्या शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून गावच्या हॉलमध्ये तळलेली मासळी, कोबीचं सॅलड आणि राय धान्याचा पाव असतो, आणि कॅथलिक, लुथरन, काहीच न मानणारे, सगळे येतात. त्या वर्षी मात्र एक बाजू खिडक्यांकडे बसायची आणि दुसरी बारकडे. साडेसहाच्या सुमारास वेंडल आत आला. अंगात कोट, हातात कार्डांचा गठ्ठा. तो पहिल्या टेबलापाशी गेला, एक कार्ड ठेवलं, पुढच्या टेबलाकडे वळला.

ते त्यानं घरच्या ट्रेडलवर छापलं होतं, खिळे हातानं जुळवून. अजून माझ्या गल्ल्यापाशी टाचलेलं आहे: "मी वेंडल प्रोखास्का. सभेतला राग माझा होता. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर मला द्या. मी रोज घरी असतो. मार्लिस ट्वेटनं तिचं काम केलं, आणि उत्तम केलं."

ज्यांना माहीत नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पूर्वी जत्रांमधून आणि स्टेशनांवर काही बहिरे लोक अशीच कार्डं टेबलांवर ठेवत फिरायचे. मी बहिरा आहे, मदत करा, असं लिहिलेली. ऑर्व्हल आणि वेंडलसारख्या कामकरी बहिऱ्यांना त्यांची इतकी चीड होती की असा कुणी दिसला तर ते त्याला हाकलून लावत. आम्ही घामाचं खातो, हे त्यांना जगाला सांगायचं असे. तो वेंडल त्या दिवशी सगळ्या गावासमोर टेबलामागून टेबल कार्डं ठेवत चालला होता.

खिडकीपाशी बाहेरगावचं एक जोडपं बसलं होतं. त्या माणसानं कार्ड न वाचताच खिशात हात घातला आणि दोन डॉलर वेंडलच्या हातात ठेवले. हसून, चांगल्या मनानं. वेंडल नोटांकडे बघत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. माझ्या बायकोनं माझा हात दाबला. आम्ही दोघंही उठलो नाही, हे मला आजही खुपतं.

उठली ती जोलीन. ती शेजारच्या टेबलावर होती, कार्ड तिच्यापुढेच पडलं होतं. तिनं वेंडलच्या हातातून त्या नोटा घेतल्या आणि पाहुण्यापुढे ठेवल्या. "हे भीक मागत नाहीयेत," ती म्हणाली. "वाचा आधी." मग ती वेंडलकडे वळली आणि हात पुढे केला. त्याला वाटलं, तिला भांडायचंय. तो ताठ झाला. तिनं बोटानं गठ्ठा दाखवला. त्यानं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि अर्धी कार्डं दिली. खिडकीकडची बाजू जोलीननं केली, बारकडची वेंडलनं. जोलीन कार्ड ठेवायची आणि प्रत्येक टेबलावर म्हणायची, "माझं मत तेच आहे, उगाच खूश होऊ नका. पण हे वाचा."

मार्लिस त्या दिवशी तिथं नव्हती. डेनीनं घरी नेलेल्या पार्सलबरोबर तिला कार्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेंडलकडे गेली. पुढचं तिनंच मला सांगितलं, एरवी कामाचं काही सांगत नाही, पण हे काम नव्हतं म्हणाली.

ती आधी त्याच्यावर रागावली, की तुम्ही कार्डं वाटत फिरलात, बाबांनी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना. वेंडल म्हणाला, ऑर्व्हलनं पहिल्यांदा अक्षरांमधली जागा तपासली असती. मग ती म्हणाली की मला तुम्हाला एक सांगायचंय, मी त्याच माणसाला मत दिलं होतं.

"माहीत आहे," वेंडलचे हात म्हणाले. "तुझ्या अंगणात पाटी होती. मी बहिरा आहे, आंधळा नाही."

"मग माझंच नाव घालून का मागितलंत? शहरातून कुणीही आली असती."

"शहरातली आली होती एकदा, डॉक्टरांकडे. मी डॉक्टरला गाढव म्हणालो, तिनं सांगितलं, यांना थोडी काळजी वाटते." तो हसला. "आयुष्यभर लोकांनी मला सभ्य करून टाकलं, मार्लिस. बिचारा, शांत म्हातारा. त्या दिवशी मी चिडलो होतो आणि सबंध हॉलला कळलं की मी चिडलोय. तुला पटत नसताना तू ते केलंस. माझ्या हयातीत असं कुणी केलं नव्हतं."

मार्लिस म्हणाली की ती तिथंच त्याच्या पायरीवर बसून रडली, आणि त्याला ऐकू जात नसल्यामुळे मोकळेपणी, मोठ्यानं रडली. तिला पाच आठवडे वाटत होतं की हे काम शिकून तिनं आपल्या माणसांत स्वतःला परकं करून घेतलं. त्या सकाळी उलट वाटलं. ज्या घरात जन्म झाला त्या घराचे, त्या आईबापांचे, त्यांनी तिच्या हातांत दिलेल्या भाषेचे तिला उपकार वाटले. "किती जणांना असं काम मिळतं?" ती मला म्हणाली. "मला न पटलेलं बोलूनही मी कुणाच्या तरी उपयोगी पडले."

सरकारनं आमच्या जिल्ह्याचं कार्यालय परत उघडलं नाही. मात्र मे महिन्यापासून महिन्यातल्या एका मंगळवारी कोर्टाच्या इमारतीत एक कारकून येऊन बसतो, आणि त्याच्यापुढे माणसानं नुसतं उभं राहिलं तरी चालतं. वेंडलचं पेन्शन ऑगस्टमध्ये सुरू झालं. तो खासदारावर अजून नाराजच आहे आणि तसं पत्रानं कळवत असतो. मार्लिसच्या अंगणात पुढच्या निवडणुकीला कुठलीच पाटी नव्हती. मत कुणाला दिलं ते तिनं डेनीलाही सांगितलं नाही म्हणे. लोक अजून खिडकीकडे आणि बारकडे बसतात. मधली दोन टेबलं तेवढी भरायला लागलीत.

त्यातल्या एका टेबलावर पुढच्या वर्षीच्या उपासात मी जोलीनला वेंडलसमोर बसलेलं पाहिलं. वाचनालयातून तिनं खुणांच्या भाषेचं पुस्तक नेलं होतं, हे मला माहीत होतं. किराणा दुकानात जे बोलली त्याबद्दल तिनं मार्लिसची माफी केव्हाच मागितली होती, दोन डबे सॅलड देऊन. वेंडलची राहिली होती. वेंडलसारख्या जाब विचारणाऱ्यांवर सभेत "बस खाली" म्हणून ओरडणाऱ्यांत तीही होती. आता तिनं काटा खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि गोल फिरवला, गंभीर चेहऱ्यानं, तीनदा. माफीसाठी मूठ मिटायची असते. तिनं पंजा उघडाच ठेवला होता, आणि त्याचा अर्थ होतो "कृपा करून". कृपा करून, कृपा करून, कृपा करून.

वेंडलनं तिच्या ताटाकडे पाहिलं, आपल्या ताटाकडे पाहिलं, आणि मासळीला लावायच्या टार्टर सॉसची वाटी अदबीनं तिच्यापुढे सरकवली.

मार्लिस शेजारच्याच टेबलावर डेनीसोबत बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं, आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. माझी नजर तिच्याकडे गेली तेव्हा तिनं दोन्ही हात टेबलाखाली नेले. आज तिला कुणी दुभाषी म्हणून बोलावलं नव्हतं. जोलीननं वाटी घेतली, मान लववून आभार मानले आणि सॉस वाढून घेतला.